सर्टुइन, रेस्व्हेरॅट्रॉल आणि एका शेपटीचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने मागच्या आठवड्यात मला त्याच्या प्रपोजलचा कच्चा खर्डा वाचायला पाठवला. विषय होता सर्टुइन एन्झाइम्स आणि वार्धक्य. पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं: 'रेस्व्हेरॅट्रॉल सर्ट१ला थेट सक्रिय करतं आणि आयुष्य वाढवतं, हे सिद्ध झालेलं आहे.' पुढे संदर्भाचा आकडा, आणि तो संदर्भ २००३चा. मी त्याला लगेच काही बोलले नाही. कारण चार वर्षांपूर्वी माझ्याही खर्ड्यात जवळजवळ हेच वाक्य होतं, आणि त्या एका वाक्यापायी माझे सात-आठ महिने गेले.

म्हणून आजचा लेख. सर्टुइन म्हणजे काय हे थोडक्यात सांगतेच, पण तेवढं तुम्हाला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला तुमच्यासोबत वाचायचा आहे तो २००३चा पेपर आणि त्याच्यावर उभे राहिलेले मजले. कुठला मजला पक्का आहे आणि कुठला नुसत्या रंगावर उभा आहे, ते बघू.

आधी ओळख. यीस्टमध्ये सर२ नावाचा एक जीन आहे. 'सर' हे 'सायलेंट इन्फर्मेशन रेग्युलेटर'चं लघुरूप. डीएनएचे काही भाग गप्प ठेवायचे, त्यांच्यावरचे जीन वाचले जाऊ द्यायचे नाहीत, हे त्याचं काम. १९७९ मध्ये अमर क्लार (मूळचे पंजाबचे, पुढे अमेरिकेत स्थिरावलेले) आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या मेटिंग टाइपवर काम करताना हा जीन मार१ या नावाने वर्णन केला होता. म्हणजे सुरुवात वार्धक्यापासून झालीच नाही. या जीनचे माणसातले भाऊबंद सात, सर्ट१ ते सर्ट७. सर्ट१, ६ आणि ७ मुख्यतः केंद्रकात, सर्ट२ मुख्यतः पेशीद्रवात, आणि सर्ट३, ४, ५ मायटोकाँड्रियात.

२००० साली इमाई, ग्वारेंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सर२ हिस्टोनच्या लायसिनवर चिकटलेला अॅसिटिल गट काढतं आणि त्यासाठी त्याला एनएडी लागतं. दर वेळी एक अॅसिटिल काढताना एक एनएडी खर्च होतं, निकोटिनामाइड सुटतं. इथे जरा थांबा, कारण पुढचा सगळा उत्साह या एका वाक्यातून आला. एनएडी हा पेशीच्या ऊर्जाव्यवहारातला रेणू. म्हणजे पेशी उपाशी आहे की खाऊनपिऊन सुखी आहे, याची बातमी थेट जीनपर्यंत पोचवणारं एन्झाइम सापडलं की काय? कमी खाल्लं की प्राणी जास्त जगतात हे कित्येक दशकं माहीत होतंच. त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, केबरलीन, मॅकव्हे आणि ग्वारेंटे यांनी यीस्टमध्ये सर२ची एक जादा प्रत घालून आयुष्य साधारण ३० टक्क्यांनी वाढवलं होतं. २००१ मध्ये गांडुळासारख्या पण मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीतही आयुष्य वाढल्याचं आलं, तेही ५० टक्क्यांपर्यंत. २००४ मध्ये फळमाशीत. एका ओळीत बसणारी सुंदर गोष्ट तयार झाली: कमी खा, एनएडी बदलतं, सर्टुइन जागं होतं, म्हातारपण लांबतं.

गोष्ट इतकी सुंदर असली की मला आता जरा भीतीच वाटते. पण ते पुढे.

आता २००३चा पेपर. हॉविट्झ, सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर'मधला. त्यांनी वेगवेगळे छोटे रेणू सर्ट१वर तपासले आणि काही पॉलिफेनॉल्सनी एन्झाइमचा वेग कित्येक पटींनी वाढवला. त्यात सगळ्यात जोरकस निघालं रेस्व्हेरॅट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीत आणि म्हणून रेड वाइनमध्ये सापडणारं. यीस्टला ते दिल्यावर आयुष्य ७० टक्क्यांनी वाढलं, असंही त्याच पेपरात होतं. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? वाइनचा ग्लास आणि चिरतारुण्य एकाच मथळ्यात.

पण तुम्ही मथळा सोडा, 'मटेरियल्स अँड मेथड्स' उघडा. वेग मोजला कसा? एन्झाइमने अॅसिटिल गट काढला हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक चलाख युक्ती वापरतात. पी५३ या प्रथिनातला चार अमिनो आम्लांचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याच्या शेवटच्या लायसिनवर अॅसिटिल असतो, आणि त्या लायसिनलाच लागून कूमरिन जातीचा एक चकाकणारा रेणू शेपटीसारखा जोडायचा. जोपर्यंत अॅसिटिल आहे तोपर्यंत ट्रिप्सिनला तो तुकडा कापता येत नाही. सर्ट१ने अॅसिटिल काढला की ट्रिप्सिन कापतं, शेपटी सुटी होते आणि चमकते. चमक मोजा, वेग कळला. किटचं नाव 'फ्लुअर द लिस'. हॉविट्झ ज्या बायोमॉल कंपनीत होते, तिचंच हे उत्पादन. यात काही काळंबेरं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्याचं हत्यार त्याच्याच हातात, एवढंच.

ही चाचणी मी स्वतः शेकडो वेळा केली आहे. ९६ खळग्यांची प्लेट, अर्धा दिवस, आणि संध्याकाळी ग्राफ तयार. यापेक्षा सोपं काही नाही. तिची अडचण अशी की शरीरातल्या पी५३ला शेपटी नसते.

२००५ मध्ये 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'मध्ये दोन स्वतंत्र पेपर आले. एक बोरा, स्मिथ आणि डेनू यांचा, दुसरा केबरलीन आणि सहकाऱ्यांचा. दोघांनी अगदी साधा प्रश्न विचारला: शेपटी काढली तर काय होतं? उत्तर: रेस्व्हेरॅट्रॉलचा परिणाम जातो. तोच तुकडा शेपटीशिवाय घेतला तर सर्ट१चा वेग रेस्व्हेरॅट्रॉल असो वा नसो, सारखाच. शेपटी असली तरच रेस्व्हेरॅट्रॉल त्या तुकड्याची एन्झाइमवरची पकड घट्ट करतं. घरगुती भाषेत सांगायचं तर किल्लीला जाडजूड की-चेन लावली म्हणून ती हातात नीट धरता आली आणि कुलूप पटकन उघडलं. आपण की-चेन बघितलीच नाही, आणि कुलपाला तेल घातलं म्हणून ते हलकं झालं असं लिहून मोकळे झालो.

केबरलीन यांच्या पेपरात आणखी एक गोष्ट होती जी कमी लोक वाचतात. यीस्टच्या तीन वेगवेगळ्या स्ट्रेन्समध्ये त्यांना रेस्व्हेरॅट्रॉलने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. आणि हे केबरलीन कोण? तेच, १९९९ मध्ये सर२ने आयुष्य वाढतं हे दाखवणारे. सिंक्लेअर आणि ते, दोघेही एमआयटीमधल्या ग्वारेंटे यांच्याच लॅबमधून बाहेर पडलेले. त्याआधी २००४ मध्येही त्यांनी दाखवलं होतं की यीस्टमध्ये कमी अन्नाने आयुष्य वाढायला सर२ लागतंच असं नाही. आपल्याच नावाने गाजलेल्या गोष्टीला आपणच प्रश्न विचारणं किती अवघड असतं, हे तुम्हाला पहिला पेपर छापून आल्यावर कळेल. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आदर कोणाबद्दल वाटत असेल तर २००५च्या या दोन पेपरांच्या लेखकांबद्दल.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी माझी कल्पना अशी होती की वनस्पतींमधल्या संयुगांतून सर्ट१ला जागं करणारं काही मिळतंय का ते शोधायचं. त्या वर्षाच्या कंटिन्जन्सीचा मोठा भाग किटवर गेला. तिसऱ्या महिन्यात एका संयुगाने वेग जवळपास तिप्पट केला. मी ग्राफ छापून टेबलावर लावला, आईला फोन केला, आणि डॉक्टरल कमिटीच्या सादरीकरणात तो तिसऱ्या स्लाइडवर टाकायचं ठरवलं. मॅडमनी ग्राफ बघितला. म्हणाल्या, "छान आलाय गं. पण शेपटी काढून बघितलीस का?"

मी म्हटलं, "मॅडम, किटमध्ये तसं येत नाही."

"किटमध्ये येत नाही म्हणून निसर्गात नाही का?"

शेपटी नसलेला पेप्टाइड मागवायला, शेजारच्या विभागातल्या एचपीएलसीवर रात्रीची वेळ मिळवायला आणि दोन शिखरं एकमेकांपासून वेगळी दिसायला आणखी चार महिने गेले. निकाल सरळ रेषा. संयुग घाला, नका घालू, काही फरक नाही. आणि हे सगळं मी जन्माला घातलेलं शहाणपण नव्हतं. २००५चे दोन्ही पेपर मोफत वाचायला उपलब्ध होते. मी ते वाचले नव्हते, कारण ज्या रिव्ह्यू लेखांवरून मी खर्डा लिहिला होता त्यांपैकी दोघांत २००३चा संदर्भ होता आणि २००५चा नव्हता. पण दोष त्यांचा म्हणून मी सुटत नाही. मूळ पेपर उघडून 'सायटेड बाय'वर एक क्लिक करायला मला कोणी अडवलं नव्हतं.

असो. बाहेरच्या जगात मात्र २००५ नंतर गाडी थांबली नाही, उलट वेगात गेली. सिंक्लेअर आणि ख्रिस्टोफ वेस्टफल यांनी २००४ मध्ये सर्ट्रिस नावाची कंपनी काढली होती. २००६ मध्ये बाऊर आणि सहकाऱ्यांचा उंदरांवरचा पेपर आला. भरपूर चरबीयुक्त आहारावरच्या मध्यमवयीन उंदरांना रेस्व्हेरॅट्रॉल दिलं तर त्यांच्या मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला, इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला. हा पेपर चांगला आहे, तो वाचाच. पण वाचताना दोन गोष्टींवर पेन्सिल फिरवा.

पहिली, आहार. त्यांतल्या ६० टक्के कॅलरी चरबीतून होत्या. लठ्ठ उंदीर कमी आजारी पडला, यावरून निरोगी उंदीर जास्त जगेल असं निघत नाही. २००८ मध्ये पिअरसन आणि सहकाऱ्यांनी (यात पहिल्या पेपराचे काही लेखकही होते) साधा आहार खाणाऱ्या उंदरांना रेस्व्हेरॅट्रॉल दिलं. म्हातारपणाच्या काही खुणा लांबल्या, पण आयुष्य वाढलं नाही. अमेरिकेतल्या 'इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम'मध्ये तीन ठिकाणी, मिश्र वंशाच्या उंदरांवर एकाच पद्धतीने औषधं तपासतात. तिथेही रेस्व्हेरॅट्रॉलने आयुष्य वाढलं नाही, रॅपामायसिनने मात्र वाढलं.

दुसरी, मात्रा. उंदरांना दिवसाला किलोमागे २२.४ मिलिग्रॅम. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब धरून उंदराची मात्रा साधारण १२ने भागली तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ११० मिलिग्रॅमच्या आसपास पडेल. रेड वाइनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅमच असतं. उदार मनाने ५ मिलिग्रॅम धरा. रोज २२ लिटर वाइन झाली! नाशिकच्या वायनरीत फिरताना 'अँटी-एजिंग'चं कौतुक कानावर आलं तर हा गुणाकार आठवा. वाइन प्यायची तर चवीसाठी प्यावी. इटलीतल्या कियांती भागात ७८३ वृद्धांचा नऊ वर्षं पाठपुरावा झाला, आहारातून किती रेस्व्हेरॅट्रॉल पोटात जातंय ते लघवीतून मोजलं गेलं. २०१४ मध्ये छापलेला निकाल: त्याचा मृत्यूशी, हृदयविकाराशी किंवा कॅन्सरशी संबंध दिसला नाही.

तर २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सर्ट्रिस विकत घेतली, ७२ कोटी डॉलरना. तोवर सर्ट्रिसने रेस्व्हेरॅट्रॉलशी रचनेने काही नातं नसलेली, त्याहून कितीतरी तीव्र अशी नवी संयुगं केली होती, त्यातलं प्रसिद्ध म्हणजे एसआरटी१७२०. पण ती शोधली कशी? पुन्हा शेपटीवाल्या पेप्टाइडवर. २००९ मध्ये अॅमजेनच्या आणि २०१० मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न परत उकरून काढला. फायझरचा पेपर, पाचोलेक आणि सहकाऱ्यांचा, स्पष्ट होता: शेपटी नसलेल्या पेप्टाइडवर आणि अख्ख्या प्रथिनावर ही संयुगं सर्ट१ला सक्रिय करत नाहीत, आणि ती शेपटीवाल्या पेप्टाइडशी स्वतःच जुळतात. उंदरांमध्येही त्यांना एसआरटी१७२०चा आधी सांगितलेला फायदा दिसला नाही. त्याच वर्षी रेस्व्हेरॅट्रॉलच्या सूक्ष्म कणांपासून केलेल्या एसआरटी५०१ची मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांवरची चाचणी थांबवावी लागली. २४ रुग्णांपैकी पाच जणांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. हा आजार स्वतःही मूत्रपिंडांवर घाव घालतो, त्यामुळे सगळा दोष औषधाला देता येत नाही. पण 'द्राक्षातलं आहे, म्हणजे अपाय काय होणार' असं कोणी म्हणालं की मला ते २४ जण आठवतात.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की सिंक्लेअर यांची बाजू संपली. नाही. टीका करायची तर समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर घेऊन करायची, आणि ते उत्तर २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं (हबर्ड आणि सहकारी). त्यांचं म्हणणं असं: शेपटी ही खोटी असली तरी ती जिथे बसते तिथे निसर्गातही काही प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन, टायरोसिन किंवा फिनिलअॅलनिनसारखं मोठं, पाणी न आवडणारं अमिनो आम्ल असतं. अशा पेप्टाइडवर शेपटीशिवायही वेग वाढतो. शिवाय सर्ट१च्या २३०व्या जागी असलेला ग्लुटामेट बदलला तर संयुगांचा परिणाम जातो, म्हणजे ती एन्झाइमवरच कुठेतरी काम करत असली पाहिजेत.

मला हा पेपर आवडतो. तो प्रामाणिकपणे पाच पावलं मागे गेला. पण बघा, दावा किती आक्रसला. २००३ मध्ये होतं, 'सर्ट१ला सक्रिय करतं.' २०१३ मध्ये झालं, 'सर्ट१च्या काही ठराविक लक्ष्यांवर, शेजारी योग्य अमिनो आम्ल असेल तर, वेग वाढवतं.' सर्ट१ची लक्ष्यं डझनावारी आहेत. ज्या पी५३वरून सगळं सुरू झालं त्याच्या त्या लायसिनशेजारी असं अमिनो आम्ल नाही. मग औषध दिल्यावर पेशीतली नेमकी कुठली लक्ष्यं हलणार आणि त्यातून कुठला आजार सुधारणार? तो पेपर याचं उत्तर देत नाही, आणि द्यायला तो लिहिलेलाही नाही. एन्झाइमशास्त्र म्हणून उत्तम. औषधाचा पुरावा म्हणून तो पुढे केला जातो तेव्हा माझी तक्रार आहे.

आणि रेस्व्हेरॅट्रॉल एकट्या सर्ट१शी लग्न लावून बसलेलं नाही. ते फॉस्फोडायएस्टरेजना रोखतं, त्यातून एएमपीके जागं होतं, हे २०१२ मध्ये आलं. मग उंदीर सुधारला तर श्रेय कोणाला? माणसांतले निकाल तर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. ११ लठ्ठ पुरुषांना ३० दिवस रोज १५० मिलिग्रॅम दिलं तेव्हा चयापचय सुधारल्याचं दिसलं. २४ लठ्ठ पुरुषांच्या दुसऱ्या चाचणीत चार आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम दिलं, काही झालं नाही. लठ्ठ नसलेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांना १२ आठवडे रोज ७५ मिलिग्रॅम दिलं, तिथेही नाही. सर्ट्रिसचं पुढचं संयुग एसआरटी२१०४ टाइप २ मधुमेहात चाललं नाही, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नाही. सोरायसिसच्या छोट्या चाचणीत थोडी आशा दिसली. सर्टुइन सक्रिय करणारं औषध म्हणून मान्यता मिळालेलं एकही संयुग आज बाजारात नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या डब्या आहेत, भरपूर आहेत, पण त्या पूरक आहार म्हणून विकल्या जातात.

मग १९९९ आणि २००१चं काय? तो पाया तरी पक्का होता ना? यीस्टचा बराचसा टिकला. कृमी आणि माशीचा मात्र २०११ मध्ये हादरला. लंडनच्या डेव्हिड जेम्स यांच्या गटाने (बर्नेट आणि सहकारी) जादा सर्टुइन असलेल्या जुन्या कृमी घेतल्या आणि त्यांना साध्या कृमींशी पुन्हापुन्हा संकर करून बाकीचा जनुकीय पसारा सारखा करून घेतला. आयुष्यातला फरक नाहीसा झाला. त्या जुन्या स्ट्रेनमध्ये संवेदी चेतापेशींवर परिणाम करणारं एक वेगळंच म्युटेशन दडलेलं होतं आणि जादा आयुष्य त्याचं होतं. माशीतही नियंत्रण गट नीट जुळवल्यावर तेच. ग्वारेंटे यांच्या लॅबनेही त्याच अंकात आपला आकडा दुरुस्त केला, ५० टक्क्यांवरून १० ते १४ टक्क्यांवर. चूक कबूल करून छापली, याबद्दल त्यांनाही मान द्यायला हवा. पण तुम्ही एवढंच बघा की इथेही शेपटीचाच प्रश्न आहे. तिकडे पेप्टाइडला कूमरिन चिकटलं होतं, इकडे कृमीला म्युटेशन.

आता कोणी म्हणेल, सर्टुइनचा नादच सोडा. तसंही नाही. आजारांशी त्यांचं नातं खरं आहे, फक्त ते 'जास्त म्हणजे चांगलं' असं सरळ नाही. सर्ट६ घ्या. हा जीन काढलेली उंदराची पिल्लं महिन्याभरात अकाली म्हातारपणासारखी लक्षणं दाखवून मरतात (२००६). जादा सर्ट६ असलेले नर उंदीर साधारण १५ टक्के जास्त जगले, माद्या नाही (२०१२, इस्राएलमधल्या कोहेन यांचा गट). आणि २०१८ मध्ये माणसातला पुरावा आला. एका कुटुंबात सर्ट६च्या दोन्ही प्रती एकाच म्युटेशनने निकामी असलेले चार गर्भ गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात दगावले. हा पुरावा दुःखद आहे, पण त्यात शेपटी नाही, किट नाही. माणसाला हे एन्झाइम लागतं, हे इतकं स्पष्ट फार कमी वेळा दिसतं.

उलट टोकाला हंटिंग्टन आजार. सर्ट१ला रोखणारं सेलिसिस्टॅट हे संयुग माश्या आणि उंदरांच्या काही मॉडेल्समध्ये उपयोगी ठरलं, रुग्णांवर सुरक्षिततेच्या चाचण्याही झाल्या. आणि २०१२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये दोन पेपर एकत्र आले, ज्यांत सर्ट१ वाढवल्यावर उंदरांमधला हाच आजार सौम्य झाला होता! आजार एक, एन्झाइम एक, आणि एक जण म्हणतो वाढवा, दुसरा म्हणतो रोखा. कॅन्सरमध्येही तेच: सर्ट१ पी५३ला ढिलं करतं म्हणून ते कॅन्सरचं मित्र वाटतं, पण आतड्याच्या कॅन्सरच्या उंदरांमध्ये त्याने गाठी कमी केल्या. मुलाखतीत 'सर्ट१ कॅन्सर वाढवतं की रोखतं?' असं विचारलं तर एका शब्दात उत्तर देऊ नका. कुठल्या ऊतीत, कुठल्या लक्ष्यावर, कुठल्या टप्प्यात, असं उलट विचारा. बहुतेक परीक्षकांना तेच हवं असतं. (बहुतेक. एकाने मला "होय की नाही ते सांगा" असं खडसावलं होतं.)

मुंबईत टीआयएफआरमध्ये उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाने सर्ट१ आणि चयापचयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २०१७ मध्ये त्यांनी सर्ट१चंच एक आखूड रूप काही ऊतींमध्ये सापडतं आणि गाळला गेलेला तुकडा लक्ष्य निवडायला मदत करतो, असं दाखवलं. म्हणजे 'सर्ट१' असं एकच नाव घेऊन आपण बोलतो तेही अपुरंच. सर्टुइनवर काम करायचं मनात असेल तर परदेशी मथळ्यांआधी हे पेपर वाचा.

त्या मुलाच्या खर्ड्यात मी 'सिद्ध झालेलं आहे' खाली रेघ मारली आणि समासात २००५, २०१० आणि २०१३ एवढेच आकडे लिहिले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, मग विषयच बदलू का? मुलाखत पंधरा दिवसांवर आहे." मी म्हटलं, विषय ठेव, वाक्य बदल. काल रात्री त्याने नवा खर्डा पाठवला. आता पहिल्या पानावर वाक्याऐवजी तक्ता आहे: कुठला पेपर, कुठलं लक्ष्य, शेपटी होती की नव्हती, उंदराचा आहार कुठला, नियंत्रण गट कोण. सर्ट६च्या ओळीत त्याने नर आणि माद्या एकत्रच टाकल्या आहेत. ते त्याला आज कळवते.